सुई कुणाच्या हातात?



दर पंधरवड्याला या वेळेला मी तुमच्याशी बचत गटाच्या हिशेबाविषयी, कर्जाच्या हप्त्यांविषयी, नाहीतर पापड-लोणच्याच्या लेबलाविषयी बोलते. आजचा विषय निराळा आहे. आज मी एका सुईची गोष्ट सांगणार आहे. ही सुई शिवणाची नाही आणि इंजेक्शनचीही नाही. ही आहे गाणं वाजवणारी सुई, रेकॉर्डवर ठेवायची.

माझं बी.ए. इतिहास घेऊन झालं. राजे, लढाया, तह, सनावळ्या सगळं पाठ केलं. पण घरातल्या वस्तूंना इतिहास असतो, हे काही कुणी शिकवलं नाही. तो धडा मला गेल्या वर्षी मिळाला, आमच्या गल्लीतल्या काकूंमुळे.

काकूंचं वय त्र्याहत्तर. आमच्या ज्येष्ठ महिलांच्या गटात त्या आहेत. काका साखर कारखान्यात नोकरीला होते आणि गाण्याचे भारी वेडे. निवृत्तीनंतर मुलाकडे परदेशात गेले, तेव्हा येताना त्यांनी टर्नटेबलसाठी एक जपानी कार्ट्रिज आणलं. कार्ट्रिज म्हणजे आर्मच्या टोकाला बसवलेली काडेपेटीच्या निम्म्या आकाराची डबी. सुई त्या डबीलाच असते. त्या एवढ्याशा डबीची किंमत तेव्हाच्या स्कूटरएवढी होती. म्हणून काकांनी घरात नियम केला, मशीनला कुणी हात लावायचा नाही. ‘कुणी’ म्हणजे कोण, ते तुम्हाला कळलंच असेल. मुलगा परदेशात होता, घरात दोघंच होते.

काकूंनी कितीतरी वर्षं त्या मशीनच्या भोवतीची धूळ पुसली, मशीनवरची नाही. गाणं ऐकलं, पण काका लावतील ते आणि लावतील तेव्हा. काका गेल्यावर वर्षभर मशीनवर चादर होती. मग एका दुपारी काकूंनी चादर काढली, रेकॉर्ड ठेवली, आर्म उचलला आणि थरथरत्या हाताने सुई टेकवली. गाणं लागलं. पुढे दोन वर्षं रोज दुपारी त्यांचा तो कार्यक्रमच झाला.

आणि एक दिवस डाव्या बाजूचा स्पीकर गप्प झाला. एका रेकॉर्डमधली पेटी ऐकू येईना, दुसऱ्या एका रेकॉर्डमधला तबला गायब. काकूंची खात्रीच झाली की आपल्या हातून सुई मोडली. त्यांनी पुन्हा चादर घातली आणि सहा महिने कुणाला सांगितलं नाही. मला सांगितलं ते पासबुकावर सही करताना, मान खाली घालून. “यांची वस्तू मी बिघडवली गं,” म्हणाल्या.

मैत्रिणींनो, हे वाक्य आपण सगळ्या जणींनी कधी ना कधी म्हटलेलं आहे. म्हणून मी ठरवलं की ही डबी दुरुस्त करून आणायची. त्यासाठी आधी ती आहे काय हे समजून घ्यायला लागलं, आणि तिथून मी इतिहासात शिरले.

पहिला बोलणारा यंत्रपुरुष अमेरिकेत जन्माला आला. १८७७ साली एडिसनने कथलाच्या पातळ पत्र्यावर सुईने आवाज कोरला आणि त्याच वाटेने सुई पुन्हा फिरवून तो ऐकवला. दहा वर्षांनी, १८८७ साली, एमिल बर्लिनरने नळकांड्याऐवजी सपाट तबकडी आणली. तबकडीचा फायदा असा की एक साचा तयार झाला की भाकऱ्या थापाव्यात तशा शेकडो प्रती काढता येतात. ग्रामोफोन घरोघर गेला तो यामुळे.

आपल्या देशात हे यंत्र आवाज टिपायला आलं १९०२ साली. फ्रेड गैसबर्ग नावाचा ध्वनिमुद्रक कलकत्त्याला उतरला. नोव्हेंबर महिन्यात त्याच्या भोंग्यासमोर गौहरजान गायल्या. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्याने भोंग्यात तोंड घालूनच गायचं. आवाजाच्या जोराने पडदा हलायचा, पडद्याने सुई हलायची आणि सुई मेणावर रेघ कोरायची. गाणं संपलं की गौहरजान इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारायच्या. कारण तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना कळायला हवं ना, ही कोण गातेय आणि लेबलवर काय छापायचं!

त्या काळी अनेक मोठे उस्ताद या यंत्रापासून लांब राहिले. तीन मिनिटांत राग कसा मांडायचा, आणि आपली विद्या अशी बाजारात कशी मांडायची, हा त्यांचा प्रश्न. पुढे आल्या त्या बाया. समाजाने ज्यांना मानाने घरात घेतलं नसतं अशा कलावंतिणी, गाणाऱ्या बाया. त्यांचे आवाज मात्र तबकडीवर बसून मानाने दिवाणखान्यात गेले. पुढे आपल्याकडे हिराबाई बडोदेकर, सुंदराबाई, ज्योत्स्नाबाई भोळे यांचे आवाज असेच घरोघर पोचले. गंमत बघा, तबकडीवर कुत्र्याचं चित्र आणि नाव ‘हिज मास्टर्स व्हॉइस’, म्हणजे ‘मालकाचा आवाज’. आतला आवाज मात्र कितीदा तरी बाईचा. आणि त्या आवाजावर सुई टेकवणारा हात? बहुतेक घरांत तो मालकाचाच होता.

त्या जुन्या तबकड्या लाखेच्या असायच्या. ही लाख म्हणजे आपल्या ओळखीचीच, बांगड्यांची, पोकळ दागिन्यात सोनार भरतो ती. झाडाच्या फांदीवर किडे ती तयार करतात. छोटा नागपूरच्या जंगलात ती मुबलक, आपल्या गोंदियाकडेही होते. ही लाख परदेशी जायची, तिच्यात दगडाची बारीक भुकटी आणि काजळी मिसळायची, आणि तबकडी होऊन ती परत आपल्याकडे यायची. १९०८ साली कलकत्त्यातच कारखाना निघाला, तेव्हा हा फेरा कमी झाला.

आता सुईकडे येते. लाखेत दगडाची भुकटी का घालत? तबकडी टणक व्हावी हे एक कारण. दुसरं कारण सुईशी जोडलेलं आहे. सुई असायची साध्या पोलादाची, आणि तिच्यावर साउंडबॉक्सचं वजन शंभर ग्रॅमच्या वर. एवढ्या वजनाने घासली की तबकडीची वाट लागणार. म्हणून तबकडीच थोडी खरखरीत ठेवायची, म्हणजे पहिल्या काही फेऱ्यांत सुई झिजून खाचेच्या आकाराची होते. झिजायचं काम सुईचं. एक बाजू वाजली की सुई टाकायची आणि दुसऱ्या बाजूला नवी लावायची. दोनशे सुयांची पत्र्याची डबी मिळायची. तुमच्यापैकी कुणाच्या आजीच्या फडताळात टाचण्या ठेवलेली तशी डबी अजूनही असेल. काही लोक बांबूच्या नाहीतर काट्याच्या सुया वापरायचे, त्यांना पुन्हा टोक करता यायचं.

त्या काळात सुई दुरुस्त करण्याचा प्रश्नच नव्हता. ती स्वस्त होती आणि टाकण्यासाठीच होती.

१९२५ च्या सुमाराला मायक्रोफोन आला आणि ध्वनिमुद्रण विजेवर होऊ लागलं. मग वाजवणंही विजेवर आलं. सुईची थरथर विजेत बदलायची आणि ती वीज वाढवून स्पीकरला द्यायची. ही थरथर विजेत बदलणारी डबी म्हणजेच कार्ट्रिज. सुरुवातीच्या बऱ्याच डब्यांत एका क्षाराचा स्फटिक असे. तो दाबला की वीज निघते. पण हा स्फटिक उकाड्याने आणि दमटपणाने खराब होतो. आपल्या पावसाळ्याचा विचार करा. मिठाच्या बरणीला पाणी सुटतं त्या दिवसांत हा क्षार काय टिकणार?

१९४८ साली अमेरिकेत मोठी उलथापालथ झाली. लाखेऐवजी व्हिनाइल या प्लास्टिकची तबकडी आली. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांऐवजी सव्वातेहेतीसहून थोड्या जास्त फेऱ्या, आणि खाच पूर्वीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी बारीक. हीच ती एल.पी. तीन-साडेतीन मिनिटांच्या जागी एका बाजूला वीसेक मिनिटं गाणं मावायला लागलं. राग मांडायला थोडी तरी जागा मिळाली.

पण व्हिनाइल मऊ असतं. पोलादी सुई आणि शंभर ग्रॅम वजन त्यावर ठेवलं तर नांगर फिरवल्यासारखं होईल. आता तबकडी जपायची होती, म्हणून सुई न झिजणारी हवी. ती आधी नीलमण्याची आली, मग हिऱ्याची. वजन उतरत उतरत दोन ग्रॅमवर आलं. एल.पी.ची एक बाजू वाजते तेव्हा तो हिऱ्याचा कण सुमारे चारशे मीटर खाचेतून घासत जातो. तरी तो पाचशे ते हजार तास टिकतो.

१९५७-५८ मध्ये स्टीरिओ रेकॉर्ड आल्या. खाचेला दोन भिंती असतात. एका भिंतीवर डाव्या कानाचा आवाज, दुसरीवर उजव्या कानाचा. एकच सुई दोन्ही भिंती एका वेळी वाचते. काकूंची पेटी आणि तबला गेला होता तो या डाव्या बाजूचा.

आता डबीच्या आत काय आहे ते सांगते. सायकलचा डायनामो आठवा. चाकाला घासून आतलं चुंबक फिरतं, भोवतीच्या तारेच्या वेटोळ्यात वीज तयार होते आणि दिवा लागतो. कार्ट्रिज हा त्याचाच इवलासा भाऊ. सुई एका केसासारख्या दांडीच्या टोकाला असते. साध्या प्रकारात दांडीच्या दुसऱ्या टोकाला चुंबक असतं आणि तारेची वेटोळी जागच्या जागी. यात सुई झिजली तर दांडीसकट उपसून नवी खोचता येते, पाट्या-वरवंट्यासारखं सोपं. दुसऱ्या, भारी प्रकारात उलटं असतं. चुंबक स्थिर आणि तारेची वेटोळीच दांडीला गुंडाळलेली. हलणारं वजन कमी, म्हणून आवाज अधिक बारकाईने येतो. डेन्मार्कच्या ऑर्टोफोन कंपनीने १९४८ मध्ये असं कार्ट्रिज काढलं. जपानमध्ये १९६० नंतरच्या काही वर्षांत डेनॉनचं ‘डीएल-१०३’ तयार झालं, आणि ते मुद्दाम तिथल्या सार्वजनिक रेडिओसाठी, एन.एच.के.साठी. आपण रेडिओवरच बोलतोय म्हणून मला याचं विशेष वाटलं. ते अजूनही बनतं.

या भारी प्रकारात अडचण एकच. सुई, दांडी आणि तार सगळं एकजीव. काही एक बिघडलं तर तुम्ही-आम्ही ते उपसू शकत नाही. पूर्वीची सुई दोनशेच्या डबीतली एक होती, ही एकुलती एक. काकूंचं कार्ट्रिज याच प्रकारचं निघालं.

आता दुरुस्तीची गोष्ट.

मी आधी एका मोठ्या शहरातल्या दुकानात फोन केला. पलीकडून पहिला प्रश्न आला, “मॅडम, घरात कुणी माणूस असेल तर त्यांना फोन देता का?” मी म्हटलं, मीही माणूसच आहे, बोला. मग उत्तर मिळालं, “हे दुरुस्त होत नाही. नवीन घ्या.” नुसतं ऐकून, न बघता. दुसऱ्या एका ठिकाणी जरा नीट माहिती मिळाली. काही कंपन्या जुनं कार्ट्रिज परत घेतात आणि सवलतीत नवं देतात. दुरुस्ती म्हणतात, पण ती खरी अदलाबदल. सवलतीनंतरचा आकडाही काकूंच्या वर्षभराच्या औषधांपेक्षा जास्त होता. आणि काकू म्हणाल्या, “नवं आलं तर मी काय मोडलं होतं ते कधी कळणारच नाही.”

मग मला आमच्या गटातली एक ताई आठवली. ती आणि तिचा नवरा शेतीपंपांच्या मोटरी भरून देतात. जळालेली तार काढायची आणि नवी वेटोळी भरायची, हे तिचं रोजचं काम. मी तिला काकूंकडे घेऊन गेले. तिने भिंगातून बघितलं आणि म्हणाली, “ही तर आमच्या मोटरीवानीच हाय की! पर तार बघा, केसापरीस बारीक. माझ्या हातातलं काम न्हाई हे.” आपल्याला काय येत नाही हे स्वच्छ सांगणारा कारागीर मला नेहमीच भरवशाचा वाटतो. पुढे ती म्हणाली, “ह्याला टेस्ट लॅम्प लावू नका हं, फुक्कन जाईल.” खरंच आहे. घड्याळातल्या सेलच्या काही हजाराव्या हिश्शाएवढी वीज ज्या तारेतून जायची, तिला घरची वीज कशी सोसणार?

पण तपासायचं कसं? तिनेच युक्ती सांगितली. डबीच्या मागे चार बारीक तारा असतात. पांढरी आणि निळी डाव्या बाजूची, लाल आणि हिरवी उजव्या बाजूची. मशीन बंद करून चिमट्याने या जोड्यांची अदलाबदल करायची. आता गप्प बाजू बदलली, म्हणजे उजवा स्पीकर गप्प झाला, तर दोष डबीत. तसाच डावा गप्प राहिला तर दोष पुढे, वायरीत नाहीतर स्पीकरात. केवढी साधी युक्ती! दुकानदाराने नव्याची किंमत सांगितली, पण हे नाही सांगितलं.

आम्ही तिघींनी मिळून तारा बदलल्या. चिमटा काकूंच्या हातात होता. उजवा स्पीकर गप्प झाला. दोष डबीतच होता. काकूंचा चेहरा उतरला. ताई म्हणाली, “अवो, आजून काय सिद्ध झालंय? ज्याच्याकडं धाडाल त्याला इचारा, कॉइल गेलीय का नुसतं टोक तुटलंय? टोक असंल तर आख्खी भरायला लागत न्हाई.”

हा प्रश्न घेऊन मी शोधू लागले, आणि मला या कामाचं जग किती लहान आहे ते कळलं. १९८२ साली सीडी आली. आपल्याकडे तोवर कॅसेटने जोर धरला होता. रेकॉर्ड मागे पडल्या, कार्ट्रिजचे कारखाने कमी झाले आणि सूक्ष्मदर्शकाखाली हिऱ्याचा कण बसवणारे, केसाहून बारीक तार गुंडाळणारे हात म्हातारे होत गेले. मग जगात रेकॉर्डची आवड परत आली. २०२० साली तर अमेरिकेत रेकॉर्डच्या विक्रीचा पैसा सीडीच्या पुढे गेला, १९८६ नंतर पहिल्यांदाच. पण आवड परत आली म्हणून हात परत येत नाहीत. शुअर नावाची अमेरिकी कंपनी एके काळी कार्ट्रिजसाठी जगभर नावाजलेली. तिने २०१८ साली, मागणी पुन्हा वाढत असताना, कार्ट्रिज बनवणं थांबवलं. उलट जपानमध्ये कोएत्सू या नावाने हाताने कार्ट्रिज बनवणारे सुगानो यांनी काम आपल्या मुलाला शिकवलं, म्हणून वडिलांनंतरही ते चालू राहिलं. कुणाला तरी शेजारी बसवून शिकवलं तरच अशी कला टिकते. आपल्या गोधडीचं, बुरुडकामाचं, पैठणीचं तरी दुसरं काय आहे?

शेवटी युरोपातला एकटाच काम करणारा एक कारागीर सापडला. काकूंच्या मुलाने पत्रव्यवहाराला मदत केली, पण पत्रातले प्रश्न आमचे होते. तुम्ही आधी बघून सांगाल का? सांगितल्याशिवाय काही करणार नाही ना? कॉइल गेली आहे की टोक तुटलं आहे? सुई किती झिजली आहे? जुना भाग परत द्याल का? बचत गटात कर्ज देताना आपण जसे कागद बघतो, तसंच हे. डबी परदेशी जाताना ‘दुरुस्तीसाठी पाठवत आहोत, परत येणार आहे’ असा कागद आणि किमतीची नोंद सोबत ठेवली, म्हणजे परत येताना नवी वस्तू समजून कर लागायला नको. सुईवरचं प्लास्टिकचं झाकण बसवलं, डबी छोट्या डब्यात स्क्रूने आवळली आणि तो डबा मोठ्या खोक्यात कापसात ठेवला. काकू म्हणाल्या, “लेकीची पाठवणी केल्यासारखं वाटतंय.”

चार महिने गेले. मध्ये एक पत्र आलं, सोबत सूक्ष्मदर्शकाखाली काढलेला फोटो. पत्रात लिहिलं होतं की हिरा अजून निम्मा आयुष्य राखून आहे. दांडी सरळ आहे. रबर ठीक आहे. डाव्या कॉइलची तार मागच्या खिळीला जिथे जोडली आहे तिथे ओलाव्याने गंज चढून तुटली आहे. असं हळूहळू, वर्षानुवर्षं होत जातं. नवी सुई नको, नवी कॉइल नको, फक्त टोक साफ करून जोडायचं. खर्च आला तो नव्याच्या पाचव्या हिश्शाहून कमी. काकूंनी तो स्वतःच्या बचतीतून दिला.

तो फोटो मी मोबाइलवर मोठा करून काकूंना दाखवला. तांब्याच्या भांड्याला कळंक चढतो तसा हिरवट ठिपका आणि तिथे तुटलेलं टोक. काकूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे ही सुरुवात यांच्या वेळेलाच झाली होती.” मी म्हटलं, हो काकू. “म्हणजे माझा हात नव्हता.” मी म्हटलं, नव्हता.

त्यांना काकांवर दोष टाकायचा नव्हता, मलाही नाही. पावसाळा कुणाचाच नवरा नाही आणि कुणाची बायको नाही. पण सहा महिने एक बाई स्वतःला दोष देत चादर घालून बसली होती, आणि खरं कारण बघायला फक्त एक भिंग आणि एक नीट प्रश्न लागत होता. मोटर जळाली, मिक्सर बंद पडला, मोबाइल अडकला की आपलं पहिलं वाक्य ‘माझ्या हातून बिघडलं’ असतं. यापुढे आधी तारा बदलून बघू या. दोष कुठे आहे ते आधी, दोष कुणाचा ते मागून.

आता शेवटची गोष्ट, आणि ती फार लांबची आहे. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे. पृथ्वीवरचे आवाज तिच्यात आहेत. पंचावन्न भाषांतले नमस्कार आहेत, त्यात आपली मराठीही आहे. संगीताचे सत्तावीस तुकडे आहेत, आणि त्यात भारताचा एकच. तो आहे गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांचा. साडेतीन मिनिटांची भैरवी. केसरबाई लहानपणी काही महिने कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या, पुढे अल्लादिया खाँसाहेबांची कडक तालीम वर्षानुवर्षं घेतली. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत त्या फार काटेकोर, मोजक्याच तबकड्या दिल्या. याने सुटली त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्या गेल्या. त्यांचा आवाज मात्र निघाला होता. २०१२ साली पहिलं व्हॉयेजर सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेरही गेलं.

मला या तबकडीतलं सगळ्यात आवडलेलं काय सांगू? त्या शास्त्रज्ञांनी नुसती तबकडी पाठवली नाही. तिच्यासोबत एक कार्ट्रिज आणि सुई ठेवली, आणि वेष्टणावर चित्र काढून दाखवलं की सुई कुठे टेकवायची. कारण त्यांना ठाऊक होतं की सुईवाचून तो आवाज म्हणजे नुसती रेघ आहे. आणि जो कुणी भेटेल त्याने ती सुई हाताळावी, अशीच त्यांची इच्छा होती. ‘हात लावू नका’ असं त्यांनी कुठेही लिहिलेलं नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी माळ्यावर जुनं मशीन असेल तर ते भंगारात देऊ नका. जुन्या चावीच्या ग्रामोफोनची पोलादी सुई एल.पी.वर चुकूनही ठेवू नका. सुई बोटाने पुसू नका, मऊ ब्रशने मागून पुढे झाडा. पावसाळ्यात कोरड्या जागी ठेवा. आणि कुणी न बघताच ‘नवीन घ्या’ म्हणालं तर आपल्या रिवायंडिंगवाल्या ताईचे प्रश्न विचारा. ती सध्या गटातल्या दोन मुलींना मोटर भरायला शिकवते आहे, हेही सांगून ठेवते.

माझं बोलणं इथे थांबवते. काकू आज आपल्या स्टुडिओत आल्या आहेत, मशीन घेऊन. रेकॉर्ड लावून झाली आहे. आता त्या आर्म उचलतील. पहिले काही क्षण नुसती खरखर ऐकू येईल, रेडिओ बिघडला असं समजू नका. सुई खाचेत उतरते आहे.

नमस्कार.